होती तशी कर रे म्हाराजा

आमची आर्या दिसायला एकदम बरी आहे. हे आधी सांगून टाकतो, कारण लोकांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ती चालते, धावते, भरपूर जेवते, टीव्हीवरच्या जाहिराती तोंडपाठ म्हणते. डोक्यावरची लांब खूण केसांखाली गेली. वाटेत भेटलेला माणूस तिच्या गालाला हात लावून मला म्हणतो, "सुधीर, देवाने वाचवली रे पोर. पूर्ण बरी झाली." मी हो म्हणतो. खरं सांगायचं तर तासभर लागेल, आणि ऐकणाऱ्याची बस आलेली असते.

म्हणून इथे लिहितो. ज्यांचं मूल डोक्याला मार लागून इस्पितळात गेलं, घरी आलं आणि सगळ्यांच्या मते बरं झालं, अशा आईबापांसाठी. मला त्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर फार काही बदललं नसतं. पण आपणच वेडे झालोय की काय, असं तरी वाटलं नसतं.

*

आम्ही लालबागला चाळीत राहतो. तिसऱ्या मजल्यावर, एका ओळीत खोल्या आणि समोर लांब गॅलरी. घरात मी, बायको मानसी, माझे वडील अण्णा आणि दोन मुली. आर्या तेव्हा आठ वर्षांची होती आणि धाकटी जुई अजून रांगत होती. मी गिरगावात चष्म्याच्या दुकानात काम करतो. मानसी दादरला एका डॉक्टरांकडे रिसेप्शनला होती.

त्या दिवशी मी एका आजोबांच्या नाकावर नवी फ्रेम बसवत होतो, तेव्हा चाळीतल्या एकाचा फोन आला. "दादा, आर्या पडलीय. परळला घेऊन चाललोय." चाळीतली पोरं रोज पडतात. पण परळच्या मोठ्या इस्पितळात नेतात ती रोज नाही. मी टॅक्सी केली. टॅक्सीत दुसरा फोन आला, तेव्हा कळलं की पडली नाही. क्लास सुटल्यावर रस्ता ओलांडताना उलट्या बाजूने आलेल्या मोटरसायकलने तिला उडवलं होतं.

इस्पितळाच्या जिन्याखाली मानसी तिचं क्लासचं दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. दप्तराची चेन उघडत होती आणि लावत होती. मी विचारलं, "कुठे आहे?" तर म्हणाली, "आत नेलंय. केस कापतायत."

ऑपरेशन झाल्यावर मोठे डॉक्टर बाहेर आले. थकलेला, सरळ बोलणारा माणूस. ते म्हणाले, "मेंदूच्या पुढच्या भागाला मार जास्त आहे. सूज आहे. आत्ता जीव वाचवायचा. बाकीचं नंतर." मला फक्त जीव हा शब्द ऐकू आला. 'बाकीचं' म्हणजे काय, हे विचारायचं सुचलंच नाही. विचारलं असतं तरी त्या माणसाने व्हरांड्यात उभं राहून काय काय सांगायचं?

*

इस्पितळातले दिवस मला आता बरे वाटतात, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. तिथे काय मागायचं ते माहीत होतं. डोळे उघडू देत, एवढंच.

आत एकालाच सोडायचे. मानसी आत असली की मी व्हरांड्यात चटईवर. मजल्यावरच्या घरांनी आपसात वाटून घेतलं होतं, त्यामुळे सकाळचा चहा एकाकडून यायचा, दुपारचा डबा दुसऱ्याकडून. आमच्या शेजारच्या परबकाकू जुईला दिवसभर सांभाळायच्या आणि संध्याकाळी माझ्यासाठी पेजेचा डबा घेऊन स्वतः यायच्या. मी नको म्हटलं की म्हणायच्या, "गप खा. तू पडलंस तर तुका उचलूक कोण येतला?" वॉर्डातल्या मावशी आर्याचं अंग पुसताना तिच्याशी बोलायच्या, ती बेशुद्ध असली तरी. "उठ गो बाय, शाळेची गाडी गेली बघ." तिला काही ऐकू जात नसेल, पण मानसीला ऐकू जायचं. त्याने बरं वाटायचं.

मग एका सकाळी आर्याने डोळे उघडले. दोन दिवस नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी मावशींनी तिचा हात हलवला, तर तिने त्यांना आईवरून शिवी दिली.

आमची आर्या! पाहुणे आले की आईच्या पदरामागे लपणारी, वर्गात बाईंनी नाव घेतलं तरी लाल होणारी. ही शिवी तिने कधी ऐकली होती हेही आम्हाला माहीत नव्हतं. मावशी खो खो हसल्या. म्हणाल्या, "शिवी दिली म्हणजे जगली. पेढे आणा!" मी खरंच पेढे आणले. सगळ्या वॉर्डाला वाटले. ज्या गोष्टीचे पेढे वाटले, तीच पुढे आमच्या घरात मुक्कामाला येणार होती, हे तेव्हा कळायला कोण बसलं होतं?

*

तिला घरी आणलं तेव्हा गणपती तोंडावर आले होते. आमचा घरचा गणपती. गावचं घर राहिलं नाही तेव्हा अण्णांनी तो इथे चाळीत आणला आणि त्याच्याबरोबर गाऱ्हाणंही आणलं. आमच्या कोकणात पूजा झाली की घरातला मोठा माणूस देवासमोर हात जोडून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो, ते गाऱ्हाणं. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकट्याचं मागणं देव ऐको न ऐको, एवढ्या सगळ्यांचं तो टाळणार नाही, असा त्यातला हिशेब.

त्या वर्षी अख्खा मजला आमच्या दारात होता. आत माणूस मावत नव्हता, म्हणून गॅलरीत उभे होते. आर्या डोक्याला टोपी घालून मानसीच्या मांडीवर. अण्णांनी नेहमीचं सगळं म्हटलं, चुकलंमाकलं पदरात घे वगैरे, आणि मग त्यांचा आवाज फुटला. "बा गणपती म्हाराजा, आमच्या ह्या नातीच्या डोक्यार जा काय संकट इला हा, ता दूर कर, आणि तिका होती तशी कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

गॅलरी दणाणली. आर्याने कानांवर हात घेतले आणि किंचाळायला लागली. मानसी तिला घेऊन मोरीत गेली. लोक म्हणाले, अशक्तपणा आहे. होईल.

*

पहिले काही महिने सगळं अशक्तपणाच्या खात्यात गेलं. नंतर औषधांच्या उष्णतेच्या. नंतर लाडाच्या. मग खाती संपली.

काय काय करायची ते सांगतो. परबकाकूंचा जावई आला, तर त्याच्यासमोर जाऊन म्हणाली, "काका, तुमच्या तोंडाला वास मारतो." मजला हसला. खोटं नव्हतंच ते, सगळ्यांना ठाऊक होतं. पण पुढच्या खेपेला तिने तेच म्हटलं आणि त्याच्या पुढच्या खेपेलाही, तेव्हा हसायला कोणी उरलं नाही. एखादा प्रश्न डोक्यात घेतला की उत्तर मिळेपर्यंत सोडायची नाही. "आज शुक्रवार का? आज शुक्रवार का? बाबा, शुक्रवार का?" तुम्ही संडासात असा, फोनवर असा, ती दाराशी उभी.

आणि राग. पोळी वाकडी फाटली म्हणून ताट भिरकावलं. अण्णांच्या दाढीचा आरसा फोडला. मानसीच्या हाताला असा चावा घेतला की मे महिन्याच्या घामात ती पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालून फिरली. चावल्यानंतर जेमतेम पोळीची वाफ जाईपर्यंत सगळं शांत झालं आणि आर्या आईजवळ येऊन तिच्या हाताकडे बघत काळजीने म्हणाली, "आई, कोणी चावलं तुला?"

ढोंग नव्हतं ते. तिला आठवतच नव्हतं. मानसी म्हणाली, "कुत्रा." त्यावर आर्या तासभर त्या कुत्र्यावर चिडलेली होती.

*

त्याच इस्पितळात लहान मुलांच्या वागण्याच्या तक्रारी बघणाऱ्या एक डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी पहिल्यांदा आम्हाला नीट समजावलं. "तिला राग येतो तो तुम्हाआम्हाला येतो तेवढाच. तो आवरायची जी जागा असते, तीच दुखावली आहे. तिला ओरडून, मारून काही होणार नाही. नियम थोडे ठेवा आणि रोज तेच ठेवा. आज नाही, उद्या हो, असं चालणार नाही. घरातल्या सगळ्या मोठ्यांनी एकच उत्तर द्यायचं. घरात मोठी माणसं किती?"

"तिघं," मानसी म्हणाली.

"मग सोपं आहे," मॅडम म्हणाल्या.

त्यांना आमचा मजला माहीत नव्हता. आमच्या चाळीत दारं फक्त झोपताना लावतात. दिवसा कोणाचं दार लागलेलं दिसलं तर शेजारी कडी वाजवून विचारतात, "बरं नाय काय?" पोर ज्या घरात भूक लागेल तिथे जेवतं आणि जिथे डोळा लागेल तिथे झोपतं. मी स्वतः असाच वाढलो. माझ्या आईने मला नाही म्हटलेली प्रत्येक गोष्ट मला परबकाकूंनी दिलेली आहे. अशा ठिकाणी तिघांनी नाही म्हणून काय होणार?

तेच झालं. आम्ही मोबाईल काढून घेतला की आर्या शेजारी जायची. तिथे मिळायचा. मॅडमनी सांगितलं होतं, दमली की राग वाढतो, दुपारी टीव्ही बंद करून निजवा. ती उठून चौथ्या घरात जायची आणि तिथे टीव्ही लावून, वर वेफर्सचं पाकीट हातात. कारण सगळ्यांना तिची माया होती. मरणातून आलेल्या पोरीला नाही कसं म्हणायचं?

शेवटी मी दारोदार गेलो. हात जोडून सांगत, की काही मागितलं तरी देऊ नका, आमच्याकडे पाठवा. परबकाकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सुध्या, माझ्या दारात इलेल्या पोराक खाऊक घालूक आता तुझी परवानगी काढूची?"

"काकू, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरणीक पोरां आसत काय?"

"ते मी कसं विचारू?"

"मग इचार. आणि मगे माका सांग."

सगळे हो म्हणाले आणि कोणीच पाळलं नाही. कधी वाटतं, आमच्या पोरीचं नुकसान त्या मोटरसायकलने केलं ते केलं, वरचं लोकांच्या प्रेमाने केलं. पण हे मी कोणाच्या तोंडावर म्हणणार? त्याच लोकांच्या डब्यावर मी इस्पितळात जगलो होतो.

*

पुढच्या उन्हाळ्यात परबकाकूंची मुलगी माहेरपणाला आली होती. तिची छोटी नुकती चालायला लागलेली. आर्याने काकूंचा मोबाईल मागितला, काकूंनी दिला. मग काकूंना फोन करायचा होता म्हणून त्यांनी तो परत घेतला. आर्याने हिसकला. मध्ये ती छोटी होती. आर्याने तिला दोन्ही हातांनी ढकललं. छोटीची हनुवटी उंबरठ्यावर आपटली.

त्या पोरीला उचलून मीच धावलो. तेच इस्पितळ, तोच जिना, तीच अपघात विभागाची खिडकी. टाके पडले. छोटी माझा शर्ट घट्ट धरून रडत होती आणि माझ्या मनात एकच विचार, की ही रडतेय, शुद्धीवर आहे, देवा उपकार. दुसऱ्याच्या पोराचे टाके बघून हायसं वाटलेला मी त्या खोलीतला एकटाच असेन.

काकूंनी आम्हाला एक वाईट शब्द ऐकवला नाही. काही दिवसांनी त्यांच्याकडे सुतार आला आणि दाराच्या बाहेर दुसरं जाळीचं दार बसवून गेला, आतून कडी लागणारं.

"डास खूप झाले रे," काकू मला म्हणाल्या.

"हो ना," मी म्हटलं.

मग पलीकडच्यांकडे जाळीचं दार आलं. मग त्यांच्या पलीकडे. आमच्या मजल्यावर त्या वर्षी डास फार झाले. मजा म्हणजे आमच्याच घरात काही ते शिरले नाहीत. आर्या गॅलरीतून प्रत्येक जाळीला नाक लावून आत बघत चालायची. "काकू, काय करताय? काकू, मी येऊ?" आतून आवाज यायचा, "झोपलंय गो बाय." दुपारी, संध्याकाळी, कधीही विचारा, अख्खा मजला झोपलेला.

मॅडमना हवं होतं ते असं झालं. आता सगळ्या मजल्याचं उत्तर एकच होतं.

*

मानसीने नोकरी सोडली. कोणीतरी सोडायलाच हवी होती. आर्याच्या शाळेने बिचाऱ्यांनी वर्षभर सांभाळून घेतलं, मग बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की इतर पालक विचारतात. आता ती दादरला वेगळ्या मुलांच्या वर्गात जाते. तिथल्या बाई चांगल्या आहेत. तिची आधीची मैत्रीण रस्त्यात दिसली तर आर्या तिच्या अंगावर धावत जाते आणि ती मुलगी आईचा हात धरते.

आम्हा दोघांची भांडणं कुजबुजत होतात. जाळीच्या दारातून आवाज जायला अडचण नसते. एकदा मानसी म्हणाली, "तू दिवसभर लोकांचे चष्मे बसवून येणार, येताना तिच्यासाठी चिक्की आणणार, आणि ती म्हणणार बाबा छान. दिवसभर नाही म्हणायला मी. मी काय वॉचमन आहे इथला?"

"मग काय करू? आणू नको?"

"आण ना. तुला ती दिवसातून घटकाभर तरी आवडते. मला तेवढंही..." एवढं बोलून ती थांबली आणि भांडी घासायला लागली.

आणि आणखी एक सवय लागली, ती मात्र टाळता आली असती. आम्ही दोन आर्यांबद्दल बोलायला लागलो. 'पहिली आर्या असं नव्हती करत.' 'तिला हे आवडायचं, हिला चालत नाही.' 'ती असती तर आता स्कॉलरशिपला बसली असती.' मृत माणसाबद्दल बोलावं तसं, आणि तेही हिच्यासमोर. वाटायचं, हिचं कुठे लक्ष असतं.

फक्त जुईला असली काही भानगड नव्हती. तिला पहिली आर्या आठवतच नाही. तिची ताई म्हणजे हीच. ताईचा आवाज चढला की ती शहाण्यासारखी आपली पाटी घेऊन पलंगाखाली जाते, शांत झालं की बाहेर येऊन म्हणते, "झालं ताई?" आणि दोघी खेळायला लागतात. घरात एवढी एकच गोष्ट धड चालू आहे.

*

यंदा पावसाळ्यात मॅडमकडे गेलो तेव्हा त्या एरवी म्हणायच्या ते म्हणाल्या नाहीत. पहिल्या वर्षी त्या म्हणायच्या, "वेळ लागेल." दुसऱ्या वर्षी म्हणायच्या, "बघू." या वेळी त्यांनी पेन खाली ठेवलं.

मानसीने विचारलं, "मॅडम, अजून किती?"

"मोठ्या सुधारणेचा काळ बहुतेक होऊन गेला आहे," त्या म्हणाल्या. "शिकेल ती, हळूहळू शिकेल. पण आधी होती तशी होईल, अशी वाट तुम्ही आता बघू नका. आणि एक सांगून ठेवते. ती मोठी होईल तसा फरक जास्त दिसेल. लहान मुलाचं आपण चालवून घेतो."

बाहेर आलो. आर्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याला सांगत होती की त्यांची बनियन फाटकी आहे. मानसी म्हणाली, "अण्णांना सांगायचं?" मी म्हटलं, गणपती होऊन जाऊ देत.

तुमच्या घरात असं मूल असेल तर एवढंच सांगतो. तुम्हाला त्याचा कंटाळा येईल. पूर्वीच्या मुलाची फोटोत बघून आठवण येईल आणि पुढ्यातलं मूल त्याच वेळी ताट फेकेल. असं होतं. त्यातून बाहेर कसं पडायचं ते मला ठाऊक नाही.

*

गणपती आले. आमच्या दारात या वर्षी गर्दी नव्हती. आरतीला पोरं आली, प्रसाद घेऊन गेली. गाऱ्हाण्याच्या वेळी घरची आम्ही आणि परबकाकू. काकू मोदकांचं ताट घेऊन आल्या होत्या आणि उंबरठ्याच्या बाहेरच उभ्या होत्या. मी आत या म्हटलं, तर म्हणाल्या, "हयसर बरी आसय."

अण्णांनी हात जोडले. ते आता थकलेत, उभं राहताना माझा खांदा धरतात. आर्या त्यांच्या दुसऱ्या बाजूला, नवा फ्रॉक घालून. तिला गाऱ्हाणं फार आवडतं. मोठ्याने ओरडायला मिळतं आणि कोणी गप्प बस म्हणत नाही, असं वर्षातून एकदाच होतं. अण्णांचं प्रत्येक वाक्य संपायची ती टाचा उंचावून वाट बघत होती.

"बा गणपती म्हाराजा, काय चुकला-माकला आसात ता पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज आर्याचा.

"घरादाराक, पोराबाळांक सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

मला पुढचं वाक्य माहीत होतं. मानसीने माझ्याकडे पाहिलं. अण्णांना थांबवायचं होतं, पण देवापुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बापाला काय सांगून थांबवणार?

"आणि आमच्या आर्याक," अण्णांचा आवाज दर वर्षी इथेच फुटतो, "आमच्या आर्याक होती तशी कर रे म्हाराजा."

मी बोललो नाही. मानसी बोलली नाही. परबकाकूंनी पदर तोंडाला लावला. जुई आमच्या तोंडाकडे बघत होती.

"व्हय म्हाराजा!" आर्या एकटीच ओरडली. दोन्ही हात वर करून, अगदी आनंदाने.

अण्णांनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं. दुजोरा एकटीचाच आला होता आणि तो कोणाचा आला होता, ते त्यांना कळलं. त्यांनी पुढचं गाऱ्हाणं म्हटलंच नाही. खाली बसले.

जेवणं झाली. परबकाकू मोदकांचं ताट ठेवून गेल्या. दुपारी आम्ही नेहमीसारखे खाली सतरंजी टाकून आडवे झालो. आमच्या खोलीत झोपायच्या जागा ठरलेल्या. पलंगावर अण्णा, भिंतीकडे जुई, मग मानसी, मग आर्या, दाराशी मी. समोर गणपती, त्याच्यापुढे समई. अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं होतं, पण ते जागे होते.

आर्याने मला हलवलं. "बाबा, ती कधी येणार?"

"कोण?"

"ती. पहिली. अण्णांनी सांगितलं ना देवाला. मी पण व्हय म्हटलं."

मी तिच्या अंगावर चादर ओढली.

"बाबा, ती आली की मी कुठे झोपू?" ती उठून बसली आणि सतरंजीवर हात फिरवून मोजल्यासारखं करायला लागली. "इकडे आई, इकडे तुम्ही. जागाच नाय. मी कुठे झोपू?"

"झोप, आर्या."

"पण मी कुठे झोपू? बाबा, मी कुठे झोपू? सांगा ना. मी कुठे झोपू?"

रागावलेली नव्हती. तिला फक्त जागा कळायला हवी होती. उत्तर मिळेपर्यंत ती विचारत राहणार होती. पलंगावर अण्णांचे खांदे हलत होते.

मानसीने हात लांब करून तिला खाली ओढलं. चार वर्षांत आमच्या घरात जे कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं, ते ती म्हणाली, छताकडे बघत, सरळ आवाजात.

"ती येणार नाहीये, आर्या. कधीच येणार नाही. ही तुझीच जागा आहे. झोप आता."

"नक्की ना?"

"नक्की."

आर्याने समाधानाने हुश्श केलं आणि एक पाय माझ्या अंगावर टाकून झोपली. आम्ही तिघं जागे होतो.